पडद्यामागची तारीख

त्या दुपारी रुग्णालयातला सर्व्हर बसला नसता, तर हेमांगी अत्तरदेने कॅल्क्युलेटर हातात घेतलाच नसता.

भुसावळच्या पुढे, केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचं कर्करोग रुग्णालय होतं. हेमांगी तिथल्या किरणोपचार विभागात भौतिकतज्ज्ञ होती. डॉक्टर डोस ठरवत. तो डोस यंत्रातून नेमका तेवढाच बाहेर पडतो की नाही, हे पाहणं तिचं काम. यंत्र कोबाल्टचं, जुनं, पण दणकट. मोठ्या शहरांतून अशी यंत्रं केव्हाच हद्दपार झाली होती. इथे मात्र बुलढाण्यापासून बऱ्हाणपूरपर्यंतचे लोक त्याच्याच आशेने येत.

"मॅडम, सुपडाबाई टेबलावर झोपल्यात, मास्क आवळलाय आणि पडदा काळा पडला," तंत्रज्ञ अल्ताफ पिंजारी दारातूनच म्हणाला. "उतरवू का त्यांना?"

सुपडाबाई तायडे रावेरकडच्या. गालाच्या आतल्या बाजूला गाठ होती. चेहऱ्यावर मास्क आवळला की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. एकदा उतरवलं तर त्या पुन्हा चढतील याची खात्री नव्हती.

"राहू दे. मी हातानं वेळ काढते," हेमांगी म्हणाली.

किरणांची झडप किती सेकंद उघडी ठेवायची, एवढाच प्रश्न होता. कॉलेजात असे हिशेब ढिगानं केले होते. तिने तक्ते काढले, आकडे मांडले. उत्तर आलं एकशे सात सेकंद. आदल्या दिवशी प्रोग्रॅमने दिलेली वेळ होती शंभर. काहीतरी चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा मांडलं. पुन्हा एकशे सात.

तिने अल्ताफला शंभरच सांगितले. कमी पडलेला डोस उद्या भरून काढता येतो, जास्त गेलेला परत घेता येत नाही.

तासाभराने सर्व्हर उठला. प्रोग्रॅम म्हणाला, शंभर. विभागात पडताळणीसाठी दुसऱ्या कंपनीचा वेगळा प्रोग्रॅम होता. तोही म्हणाला, शंभर. दोघं एकीकडे आणि हेमांगी एकटी दुसरीकडे.

कोबाल्टचं एक असतं. ते दिवसागणिक विझत जातं, महिन्याला साधारण एका टक्क्याने. त्यामुळे तोच डोस द्यायला दर महिन्याला झडप थोडी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. म्हणून हिशेब करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असावी लागते, ती म्हणजे आजची तारीख.

शेवटचा रुग्ण गेल्यावर तिने टेबलावर मोजणीचं उपकरण मांडलं आणि किरणांची ताकद स्वतः मोजली. कोबाल्ट तिच्या हिशेबाइतकंच विझलेलं होतं. मग प्रोग्रॅम ते अजून तरुण आहे असं का समजत होता? पडद्याच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, अगदी बरोबर. तिने गणित उलटं चालवलं. शंभर सेकंद पुरायला कोबाल्ट कोणत्या दिवसाचं हवं? उत्तर आलं गुढीपाडव्याच्या आसपासचं. बाहेर नवरात्राचे मांडव पडत होते, आणि प्रोग्रॅमच्या पोटात अजून गुढ्या उतरल्या नव्हत्या.

गेल्या सहा महिन्यांत उपचार पूर्ण करून घरी गेलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढून सरकू लागली. सुरुवातीच्यांना जवळपास पूर्ण डोस मिळाला होता. पण नंतरच्या प्रत्येकाला आधीच्यापेक्षा कमी, आणखी कमी.

*

तुषार, तिचा नवरा, त्याच रुग्णालयात संगणक विभाग सांभाळायचा. संध्याकाळी तो पोळीचा तुकडा हातात तसाच धरून तिचं बोलणं ऐकत राहिला.

"दोन्ही प्रोग्रॅम एकाच तारखेला अडकलेत?" त्याने विचारलं.

"हो. आणि पडद्यावरची तारीख बरोबर आहे. हे कसं होऊ शकतं?"

"पडद्यावरची तारीख रुग्णालयाच्या आतल्या नेटवर्कवरून येते. हिशेबाची तारीख घड्याळाच्या चिपमधून. म्हणजे चिप नाहीये तिथे. एम्युलेटर आहे."

मग त्याने तिला समजावलं. हे दोन्ही प्रोग्रॅम ज्या संगणकासाठी लिहिले होते तो संगणक आता भंगारातही मिळत नाही. म्हणून सर्व्हरवर एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम बसवलेला होता. तो त्या जुन्या संगणकाचं हुबेहूब सोंग घेतो. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं आपल्याला खरी डिस्क आहे, खरी मेमरी आहे, खरं घड्याळ आहे. असं खरं तर काहीच नसतं. आतला जे मागेल ते एम्युलेटर बाहेरून पुरवतो आणि आतला त्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याला दुसरं जगच माहीत नसतं. अर्धा देश त्या वर्षांत असाच चालला होता. धरणांचे दरवाजे, खतांचे कारखाने, बँकांची जुनी खाती. कंपन्या मेल्या होत्या, त्यांचे प्रोग्रॅम आभासी संगणकांच्या पोटात जिवंत होते.

"म्हणजे पडताळणीचा प्रोग्रॅमही त्याच आभासी संगणकात?"

"जागा वाचवायला एकत्रच ठेवले होते."

"अरे, मग ती कसली पडताळणी? दोघांना एकच घड्याळ खोटं सांगत होतं!"

तुषारने हातातला तुकडा ताटात ठेवला.

"ते घड्याळ कोण बदलू शकतं?" तिने विचारलं.

"बाहेरून फक्त मी. आतून कोणीच नाही. आतला बाहेर येऊच शकत नाही."

हे वाक्य तो फार पटकन बोलला. एरवी संगणकाबद्दल काही विचारलं की तो आधी हनुवटी खाजवायचा, 'सहसा नाही', 'शक्यतो नाही' असं म्हणायचा. बारा वर्षांच्या संसारात त्याने कशालाही इतकं ठाम उत्तर दिलेलं तिला आठवत नव्हतं. तो ताट उचलून आत गेला आणि नळाखाली बराच वेळ उभा राहिला.

सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा हेमांगीने त्याचा लॅपटॉप उघडला. असं तिने कधी केलं नव्हतं. पासवर्ड तिला ठाऊक होता, कारण तो त्यानेच कधीतरी सहज सांगितला होता. एम्युलेटरचं नाव टाकून तिने शोधलं आणि एक धोक्याची सूचना सापडली. एम्युलेटर बनवणाऱ्यांनी ती माघ महिन्यातच पाठवली होती.

त्या जुन्या संगणकाला फ्लॉपी लागायची. आता फ्लॉपी कोणी पाहिलेलीही नाही, पण सोंग पुरतं वठावं म्हणून एम्युलेटरमध्ये आभासी फ्लॉपी ड्राइव्हही ठेवलेला होता. आतून ड्राइव्हला आज्ञा पाठवली की ती एका ठरावीक मापाच्या जागेत साठायची. मापापेक्षा लांब आज्ञा पाठवली तर काय, हे तपासायचं लिहिणारा विसरला होता. जास्तीचा मजकूर त्या जागेबाहेर सांडायचा, थेट एम्युलेटरच्या स्वतःच्या मेमरीत. भाडेकरूला खोली दिली, खोलीत कपाट दिलं, आणि कपाटाला मागची फळीच नव्हती. ज्याला हे कळलं तो कपाटातून पलीकडे, घरमालकाच्या खोलीत उतरू शकत होता. तिथे सगळं हाताशी होतं, घड्याळसुद्धा.

सूचनेची मेल उघडलेली होती, म्हणजे तुषारने ती वाचलेली होती.

तो टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि तिच्या पुढ्यातला पडदा पाहून थबकला.

"आतला बाहेर येऊ शकत नाही म्हणालास."

"हेमा, मी वारके सरांना कळवलं होतं." डॉ. वारके रुग्णालयाचे प्रमुख. "दुरुस्ती करायची तर महिनाभर मशीन बंद. ते म्हणाले, पुढच्या वर्षी नवीन मशीन येतंय, तोवर थांबा. बाहेरचं नेटवर्क तोडलंय, आत कोण येणार आहे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मशीन बंद केलं असतंस."

"केलंच असतं!"

"म्हणूनच."

तिने लॅपटॉप मिटला. मग तुषार हळू आवाजात म्हणाला, "मीही एक विचारू? काल तू झोपलीस तेव्हा मी सगळ्या नोंदी पाहिल्या. त्या भोकातून कोणीतरी गेलंय, पाडव्याच्या दोन दिवस आधी. तुझ्या विभागातल्या टर्मिनलवरून. तुझ्या नावानं, तुझ्या पासवर्डनं."

हेमांगीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"तुला वाटतं मी केलं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतोय."

ज्या सुरात तिने त्याला विचारलं होतं, त्याच सुरात त्याने विचारलं होतं. त्यामुळे तिला चिडताही येईना.

*

तिने उपचार थांबवले नाहीत. प्रोग्रॅम बंद केले आणि प्रत्येक रुग्णाची वेळ हाताने काढायला सुरुवात केली. स्वतः एकदा, आणि जळगावच्या एका मैत्रिणीकडून फोनवर दुसऱ्यांदा. तिने पहिला आकडा मैत्रिणीला कधी सांगितला नाही. दोन उत्तरं जुळली तरच झडप उघडायची.

पण हिशेब हाताने होतो, संशयाला तसा उपाय नव्हता. तिच्या नावाने टर्मिनलवर बसणारा विभागातलाच हवा. विभागात तिच्याशिवाय दिवसभर असायचा तो अल्ताफ. तो खोलीत असला की ती तिथेच रेंगाळू लागली. तो कीबोर्डला हात लावायचा तेव्हा तिची नजर त्याच्या बोटांवर जायची. एकदा तो फोनवर हसत बोलत होता आणि ती आत येताच त्याने फोन ठेवला. त्या हसण्याचा तिने दिवसभर काथ्याकूट केला.

शेवटी एका दुपारी अल्ताफने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.

"मॅडम, तुम्ही मला आता खोलीत एकटं सोडत नाही. माझ्याकडून काही झालंय का?"

तिने त्याला तारीख सांगितली. "त्या दिवशी माझ्या नावानं टर्मिनलवर कोण बसलं होतं?"

अल्ताफने फोनमधले जुने फोटो चाळले. "तुम्ही पुण्याला होतात. बहिणीचा साखरपुडा होता ना? त्या दिवशी भिरूड सर आले होते. नातू झाला म्हणून पेढे घेऊन. बराच वेळ तुमच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, जुनं मशीन बघावंसं वाटलं." फोटोत पेढ्यांचा खोका उघडा होता आणि मागे, टर्मिनलसमोर, पांढऱ्या केसांचं एक डोकं वाकलेलं होतं.

हेमांगीने फोटो मोठा करून पाहिला.

"पहिल्याच दिवशी विचारायचं होतं, मॅडम," अल्ताफ उठत म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

*

वसंत भिरूड तिचे सर. हा विभाग त्यांनी उभा केला होता, तिला शिकवलं होतं, आणि गेल्या वर्षी निवृत्त होताना स्वतःची खुर्ची पुसून तिला बसवलं होतं. ते सावद्याला राहायचे. ती गेली तेव्हा ते ओसरीतल्या बंगईवर बसून नातवाला झोके देत होते.

"ये गं. एकटीच? तुषार नाही आला?"

बाळाला आत नेईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "सर, पाडव्याच्या आधी तुम्ही माझ्या नावानं आत गेला होतात."

सरांनी पायाने बंगई थांबवली. नाकारायचं त्यांच्या मनात असावं असं क्षणभर तिला वाटलं. पण ते म्हणाले, "तुझा पासवर्ड मीच बसवून दिला होता. तू बदलला नव्हतास."

"तुम्ही दिलेला होता म्हणून नाही बदलला."

"लायसन्स संपत होतं गं. पाडव्याच्या आदल्या दिवशी प्रोग्रॅम कायमचा बंद पडणार होता. नवं लायसन्स द्यायला कंपनीच उरलेली नाही. नवीन मशीन यायला वर्ष. तोवर ही माणसं नाशिकला गेली असती का? निम्मी घरीच बसली असती. तुला सांगितलं असतं तर तू नियमावर बोट ठेवलं असतंस. ते भोक मला तुषारनं दाखवलं होतं. त्यातून कसं शिरायचं ते सूचनेतच लिहिलेलं होतं."

"तुषारनं?"

"सूचना आली तेव्हा विचारायला आला होता, यातून आपल्या प्रोग्रॅमला किती धोका आहे म्हणून. मी काय करणार आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी फक्त लायसन्सला खोटी तारीख दाखवायला घड्याळ थांबवलं. हिशेब पडद्यावरच्या तारखेनं होतो अशी माझी समजूत होती. मी तपासलंही होतं, अगदी सेकंदापर्यंत. बरोबर आलं."

"त्या दिवशी बरोबरच येणार होतं, सर. घड्याळ त्याच दिवशी थांबवलं होतंत. फरक पडायला कोबाल्ट विझायला तर हवं!"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ज्या माणसाने तिला विझण्याचं गणित शिकवलं होतं, त्याच्या चेहऱ्यावर ते गणित आता उतरताना तिला दिसलं. त्यांचे ओठ हलत होते. ते महिने मोजत होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्यांना सहा टक्क्यांहून जास्त."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि थांबला. मग सर म्हणाले, "यापुढे हिशेब हातानं कर. चालू रुग्णांना पुढच्या सिटिंगमध्ये भरून दे. जे संपवून गेलेत त्यांचं... सहा टक्क्यांनी प्रत्येकाचं बिघडेलच असं नाही. कोणाचं बिघडलं तरी ते याच्यामुळेच असंही नाही."

हे खरं होतं. कोणालाच कधी सिद्ध करता आलं नसतं. पुढे सर जे बोलले नाहीत तेही खरं होतं. अहवाल दिला तर मशीनला सील लागणार होतं, तुषारची नोकरी जाणार होती, सरांचं नाव मातीला मिळणार होतं, आणि चौकशीत पहिलं नाव हेमांगीचं येणार होतं.

"त्यांना सांगितलं नाही तर ते तपासायला येणार नाहीत, सर," ती म्हणाली. "गाठ पुन्हा आली तर उशिरा कळेल. मी हे सगळं लिहून देणार आहे. माझा पासवर्डसुद्धा."

सर तिला फाटकापर्यंत सोडायला आले नाहीत.

गाडी सुरू करायला तिला वेळ लागला. सरांचा राग येत होता, पण त्याहून जास्त छळत होतं ते वेगळंच. भोकाची गोष्ट तुषारने वारके सरांना सांगितली, भिरूड सरांना सांगितली. तिला सोडून सगळ्यांना.

*

सरकारी नियामकाकडे अहवाल गेला आणि आठवड्याच्या आत कोबाल्टच्या खोलीला सील लागलं. ट्रस्टने नाशिकला नेणारी गाडी सुरू केली. ती दोन दिवसाआड सुटायची आणि कधी अर्धी रिकामी असायची. रिकाम्या जागा कोणाच्या हे हेमांगीला नावानिशी माहीत होतं. त्या घरांना आणि उपचार संपवून गेलेल्यांनाही ती स्वतः फोन करायची. काही जण शिव्या द्यायचे. एकाने शांतपणे विचारलं, "आमच्या वडिलांचं वर्षश्राद्ध तेवढं राहिलंय, बाई. आता कशाला फोन?"

तुषारला निलंबित केलं. तो घरी असायचा, स्वयंपाक करायचा, तिच्याशी नीट वागायचा. तिने त्याची माफी मागितली, त्याने तिची मागितली. पण आता तिने काही साधंसं विचारलं, दूध आणलं का, वीजबिल भरलं का, तरी उत्तर देण्याआधी तो क्षणभर थांबायचा. जणू प्रश्नाच्या मागे काय आहे ते बघत असायचा. आणि तो थांबला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची. हे दोघांनाही कळत होतं. दोघांपैकी कोणालाच ते थांबवता येत नव्हतं.

चौकशी समितीची बैठक दिवाळीनंतर रुग्णालयाच्या सभागृहात झाली. ज्यांना जास्तीच्या सिटिंग घ्याव्या लागणार होत्या त्यांनाही त्याच दिवशी बोलावलं होतं, डॉक्टरांशी बोलून होकार-नकार कळवायला. हेमांगी दारात उभी राहून एकेकाला आत सोडत होती.

भिरूड सर आले. त्यांना कोणी नोटीस पाठवलेली नव्हती, कारण वय पाहून समितीने त्यांना लेखी उत्तराची मुभा दिली होती. ते स्वतःहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, एकटे. व्हरांड्यातल्या बाकावर एकच जागा मोकळी होती. ते तिथे बसले. शेजारी सुपडाबाई होत्या.

सुपडाबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. गालावरची पट्टी सांभाळत विचारलं, "तुमचं बी तोंडाचंच हाये का, दादा?"

"नाही," सर म्हणाले.

"मंग गळ्याचं?"

हेमांगीला वाटलं, आपण मध्ये पडावं. तिचा पाय उचललाही. पण सर बोलले होते.

"मी पेशंट नाही, बाई. तुमचा डोस ज्याच्यामुळे कमी पडला तो मीच."

सुपडाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. व्हरांड्यात पंखा फिरत होता, आतून समितीतल्या कोणाचा तरी खोकला ऐकू येत होता. त्यांनी काही ऐकलंच नाही की काय, असं हेमांगीला वाटलं. मग सुपडाबाईंनी पदराने तोंडाची कड टिपली आणि मांडीवरची पिशवी बाकाखाली सरकवली.

"आता इथून उठू नका," त्या म्हणाल्या. "मले कमी ऐकू येतं. माझं नाव पुकारलं का मले सांगा. आन् आत बी संगं या. डॉक्टर काय बोलते ते मले समजत नाही. तुम्हाले समजन."

सरांनी मान हलवली. हेमांगीने हातातली यादी पाहिली आणि पुढचं नाव पुकारलं. ते सुपडाबाईंचंच होतं. सर उठले, त्यांच्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं.